दारू सुटली, नाव सुटत नाही: व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसाला गावात पुन्हा जागा कशी द्यायची

उपचार संपवून तो सकाळच्या पहिल्या गाडीने गावात उतरला. थांब्यावरच्या बाकावर तिघं बसले होते. एकाने हात केला. दुसऱ्याने मान फिरवली. तिसऱ्याने शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. हे त्यानेच मला सांगितलं, तेव्हा त्याला दारू सोडून साडेचार महिने झाले होते. "शिवी दिली असती तरी चाललं असतं दादा," तो म्हणाला. "पिशवी उचलली ना, तिथे कळलं की यांच्या हिशेबी मी अजून चोरच आहे."

पिशवी उचलणारा माणूस काही दुष्ट नव्हता. पूर्वी कधीतरी त्याचे उसने घेतलेले पैसे बुडाले असतील, रात्री-अपरात्री दारावर धिंगाणा झाला असेल. त्याचा हात सवयीने पिशवीकडे गेला. हा लेख या सवयीबद्दल आहे. घरचे लोक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी, तरुण मंडळातली मुलं, गावच्या कारभारात असलेली माणसं, ज्यांना मनापासून काहीतरी करावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

माझं म्हणणं एकच आहे. लोकांची मनं बदलण्याची वाट पाहू नका. आधी चार ठिकाणचं वागणं बदला, मनं मागून येतात. फलक, घोषणा आणि शपथा यांवर गावोगाव बरीच मेहनत होते. तेवढीच मेहनत एका माणसाला एक काम आणि एक किल्ली मिळवून देण्यासाठी केली, तर फरक लवकर दिसतो.

खेड्यात हे जास्त का बोचतं

शहरात माणूस गल्ली बदलतो, नोकरी बदलतो, नव्या लोकांत नव्याने उभा राहतो. खेड्यात रोज तीच तोंडं समोर येतात. कोण कधी कुठे पडलं होतं हे सगळ्यांना तारीखवार ठाऊक असतं. दवाखान्याबाहेर उभी असलेली गाडी कुणाची ते लांबून ओळखू येतं. औषध देणारी बाई आत्याची जाऊ निघते. साहजिकच माणूस उपचाराला जायचं टाळतो आणि गोष्ट हाताबाहेर जाते.

१९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटांचा सगळा डोलारा निनावीपणावर उभा आहे. लहान गावात हा निनावीपणा टिकवणं फार अवघड असतं. एका खोलीत पाच माणसं दर आठवड्याला जमायला लागली की दुसऱ्या आठवड्यात गावाला कारण कळलेलं असतं. म्हणून अनेक जण मुद्दाम लांबच्या गावच्या मीटिंगला जातात किंवा फोनवरच्या मीटिंगला बसतात. तुमच्या ओळखीचं कुणी तसं करत असेल, तर "आपल्या गावात का नाही?" असा आग्रह धरू नका.

हे दुखणं एकट्या खेड्याचं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांत केलेल्या एका अभ्यासात १८ निरनिराळ्या अवस्थांची तुलना झाली होती. समाजाची सर्वांत जास्त नापसंती अमली पदार्थांच्या व्यसनाच्या वाट्याला आली. दारूचं व्यसन चौथ्या क्रमांकावर होतं.

तरी खेड्याकडे एक गोष्ट आहे जी शहराकडे नाही. ज्या गावाला त्याचं पडणं आठवतं, त्याच गावाला त्याचा हात कुठल्या कामात बसला होता तेही आठवतं. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा, भिंतीला ओळंबा न लावता सरळ रेघ धरणारा, जनावराचं अडलेलं बाळंतपण पार पाडणारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या आठवणीवर उभ्या आहेत.

पायरी पहिली: कार्यक्रम ठरवण्याआधी विचारा

गावात किंवा आसपास व्यसनातून बाहेर आलेली दोन-तीन माणसं तरी असतात. त्यांना एकेकटं, त्यांच्या सोयीच्या जागी भेटा. एकच प्रश्न विचारा: "परत आल्यावर सगळ्यात जास्त काय लागलं?" मग गप्प बसा.

उत्तरं आपण धरून चाललेली नसतात. मला वाटायचं, लोक टाकून बोलतात ते लागत असेल. ऐकायला मिळालं ते वेगळंच. कुणी म्हणालं, "सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, मी आजारी असल्यासारखे." कुणी म्हणालं, "बायको अजून माझ्या तोंडाचा वास घेते." एका बाईंनी सांगितलं, "मला कुणी तान्हं मूल घ्यायला देत नाही." या उत्तरांतूनच तुमच्या कामाची यादी तयार होते. त्यांच्या परवानगीशिवाय यातलं काहीही दुसऱ्याला सांगू नका, नाव वगळूनही नाही. लहान गावात "एका बाईंनी सांगितलं" एवढ्यावरून घर ओळखलं जातं. वर लिहिलेलं मी त्यांना विचारूनच लिहिलं आहे.

पायरी दुसरी: शब्द

२०१० साली अमेरिकेत जॉन केली आणि कॅसँड्रा वेस्टरहॉफ यांनी एक साधा प्रयोग केला. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या पाचशेहून अधिक व्यावसायिकांना एका माणसाची माहिती वाचायला दिली. निम्म्यांच्या कागदावर त्याच्यासाठी 'नशाखोर' या अर्थाचा शब्द होता, उरलेल्यांच्या कागदावर 'नशेचा विकार असलेला' या अर्थाचा. बाकी मजकूर अक्षरशः सारखा. पहिला कागद वाचणाऱ्यांना तो माणूस स्वतःच्या अवस्थेला जास्त दोषी आणि शिक्षेला जास्त पात्र वाटला. ही शिकलीसवरलेली, याच कामातली माणसं होती. मग आपलं काय?

आपल्याकडे बेवडा, दारुडा, गर्दुल्ला, गंजेडी हे शब्द इतके रुळलेले आहेत की बोलणाऱ्याला ते टोचतही नाहीत. दारू सोडून सहा वर्षं झाली तरी नावामागे शेपूट राहतं: "तो नाही का, बेवडा अमका." त्याहून वाईट म्हणजे ते शेपूट मुलांना चिकटतं. वर्गात भांडण झालं की "दारुड्याचा पोरगा" हा शेवटचा घाव असतो. शिक्षकांनी हा एक शब्द वर्गात खपवून घ्यायचा नाही असं ठरवलं, तरी मोठं काम होईल.

उघड शिव्या सगळ्यांनाच कळतात. मला जास्त काळजी चांगल्या हेतूने वापरल्या जाणाऱ्या शब्दांची वाटते. 'सुधारला' हा त्यातला पहिला. सुधारतो तो बिघडलेला, वाईट चालीचा माणूस. आजारातून उठलेल्याला आपण 'बरा झाला' म्हणतो. इथेही तेच म्हणावं. दुसरा शब्द 'सुटला': ऐकणाऱ्याला वाटतं, विषय संपला. प्रत्यक्षात त्याचं काम रोज चालू असतं. 'बरा होतोय', 'दारूपासून लांब आहे', 'उपचार घेतोय' हे साधे आणि खरे शब्द आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे भेटेल तेव्हा विचारला जाणारा प्रश्न, "काय, टिकून आहेस ना?" विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. ऐकणाऱ्याला दिवसातून सहा वेळा हजेरी द्यावी लागते. त्याऐवजी त्याच्या कामाबद्दल विचारा, मुलीच्या परीक्षेबद्दल विचारा.

कुणी जुनं नाव वापरलं तर चारचौघांत झापू नका, तो मुद्दाम पुन्हा वापरेल. आपण फक्त त्याचं खरं नाव घेऊन पुढचं वाक्य बोलावं: "हो, रमेशच, त्याने काल आमची मोटार दुरुस्त केली." दहा वेळा असं झालं की शेपूट गळायला लागतं.

पायरी तिसरी: आजार म्हणजे काय ते सांगा, पण अर्धं सांगून थांबू नका

व्यसनाधीनता हा आजार आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय आजार वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद आहे, आणि त्याआधीच्या आवृत्तीतही होती. नशेचा पदार्थ मेंदूच्या आनंदाच्या आणि निर्णयाच्या यंत्रणेवर काम करतो. काही काळाने माणूस मजेसाठी पीत नाही, हात थरथरू नयेत म्हणून पितो. 'मनात आणलं तर सोडता येते' हे वाक्य इथे लंगडं पडतं.

पण एवढंच सांगून थांबलात तर उलटा परिणाम होऊ शकतो. 'मेंदूचाच आजार' म्हटलं की लोक दोष कमी देतात, आणि त्याच वेळी 'म्हणजे हा कधी बरा होणारच नाही' असंही धरून बसतात. म्हणून पुढचं वाक्य लगेच जोडा: लोक यातून बाहेर येतात, आणि भोवतालची माणसं कशी वागतात यावर बरंच अवलंबून असतं.

याचा मला माहीत असलेला सर्वांत ठसठशीत पुरावा युद्धातून आला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे असताना जवळजवळ पाचातला एक जण हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा त्या अवस्थेत गेले. प्रत्येकाला एवढं सहज जमतं असा याचा अर्थ नाही. पण परिसर, काम आणि माणसं बदलली की व्यसनाची पकड किती सैल होऊ शकते ते यातून दिसतं. गाव हाच त्या माणसाचा परिसर असतो.

पायरी चौथी: घर

गावाच्या आधी घर. इथे घाई चालत नाही.

घरच्यांचा संशय खोटा नसतो. तो वर्षानुवर्षांच्या फसवणुकीतून आलेला असतो. खिसे तपासणं, वास घेणं, उशीर झाला की दारात उभं राहणं, हे घरातल्या बाईने हौसेने शिकलेलं नाही. तिला "आता विश्वास ठेव" म्हणणं अन्याय आहे. त्याऐवजी दोघांनी मिळून एक कागद करावा, समुपदेशकासमोर केला तर उत्तम. पहिले तीन महिने पैसे कोणाच्या हातात राहतील, बाहेर जाताना काय सांगून जायचं, तपासणी कोण करेल आणि कोण करणार नाही (मुलांनी कधीही नाही), आणि यातली कोणती अट कोणत्या तारखेला उठेल. तारीख फार महत्त्वाची आहे. संपण्याचा दिवस ठरलेली देखरेख माणूस सोसतो. जन्मभराचा पहारा कुणालाच सोसवत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दारू सोडवणारी औषधं त्या माणसाच्या नकळत देऊ नका. डायसल्फिराम हे त्यातलं एक. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब घसरणं, छातीत धडधड, उलट्या असा जोरदार त्रास होतो, जिवावरही बेतू शकतं. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि त्या माणसाच्या संमतीनेच चालतं.

घरच्यांनाही बोलायला जागा हवी. 'अल-अॅनॉन' हे कुटुंबीयांचं जाळं १९५१ पासून याच कारणाने उभं आहे. तसा गट जवळ नसेल, तर एकाच प्रसंगातून गेलेल्या दोन बायकांची गाठ घालून देणं एवढंही पुष्कळ होतं.

माफी आणि कलंक यांची गल्लत करू नका

ही पायरी नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कलंक कमी करायचा म्हणजे झालेलं विसरायचं, असा अर्थ काही लोक काढतात. मग मार खाल्लेल्या बायकोला सल्ला मिळतो: "आता तो चांगला झाला, तू मागचं काढू नको."

तिचा राग हा कलंक नाही. ज्याचे पैसे बुडाले त्याने ते मागणं हाही कलंक नाही. ज्यांना प्रत्यक्ष इजा झाली त्यांचा हिशेब वेगळा, त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे, आणि कदाचित तो कधीच मिटणार नाही. कलंक म्हणतात ते बाकीच्या गावाचं वागणं: ज्यांचं काहीच बिघडलेलं नाही तेही अंतर ठेवतात, काम नाकारतात, मुलांना त्याच्या मुलांशी खेळू देत नाहीत. काम या दुसऱ्या गोष्टीवर करायचं आहे. आणि हिंसा अजून चालू असेल तर आधी बाई आणि मुलं सुरक्षित जागी, बाकी सगळं नंतर.

पायरी पाचवी: एकत्र काम, मग व्यासपीठ

लोकांचा पूर्वग्रह कशाने कमी होतो यावर बरंच संशोधन झालं आहे. मानसिक आजारांच्या कलंकावरच्या ७२ अभ्यासांचा पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला. मोठ्या माणसांत माहिती देण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटीचा परिणाम जास्त दिसला, आणि समोरासमोरची भेट चित्रफितीपेक्षा सरस ठरली. किशोरवयीन मुलांत मात्र माहितीचा उपयोग जास्त झाला. तो आढावा व्यसनांबद्दल नव्हता, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. शाळेत माहिती द्या, मोठ्यांना भेटवा.

भेट म्हटलं की लोक लगेच सभा भरवतात. माणसाला समोर उभं करतात, "तुझी कहाणी सांग" म्हणतात. मी स्वतः ही चूक केली आहे. ज्याला व्यसन सोडून दोन महिनेही झाले नव्हते अशा एका तरुणाला मी माइकसमोर उभं केलं. त्याने गटारात पडल्याचं सांगितलं, टाळ्या पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याला त्याच प्रसंगावरून चिडवू लागली. तो पुन्हा कधी कुठल्या कार्यक्रमाला आला नाही. माझ्याशी बोलायला त्याला वर्ष लागलं.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी सोबत काम: विहिरीतला गाळ काढणं, शाळेची भिंत रंगवणं, पावसाआधी रस्त्याकडेचा चर मोकळा करणं. खोरं हातात असताना सगळे सारखेच घामाघूम होतात. व्यसनाचा विषयही काढायचा नाही. १९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रह कमी करणाऱ्या भेटीच्या अटी मांडल्या होत्या: बरोबरीचं स्थान, सामायिक उद्दिष्ट, एकमेकांचं सहकार्य आणि गावात ज्यांचा शब्द चालतो त्यांचा पाठिंबा. चर खोदताना पहिल्या तीन आपोआप जुळतात. चौथीसाठी गावातल्या एका वजनदार माणसाने त्याच्या शेजारी उभं राहून खोरं धरावं. भाषण करायची गरज नाही.

व्यासपीठावर बोलायचंच असेल तर काही गोष्टी पक्क्या पाळा. निदान वर्षभर स्थिर असलेली व्यक्तीच बोलेल. पडझडीचं वर्णन थोडक्यात, आणि कशाने मदत झाली, आज दिवस कसा जातो यावर भर. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीही "नको" म्हणायची मोकळीक. फोटो नाही, चित्रण नाही, आणि हे आधीच जाहीर करायचं. घरातल्या मुलांना विचारल्याशिवाय त्यांच्या शाळेत तर अजिबात नाही. शक्यतो एकापेक्षा जास्त माणसं बोलू देत, नाहीतर गाव म्हणतं, "तो वेगळाच आहे हो, बाकीचे कुठे तसे?"

पायरी सहावी: किल्ली

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त काम या पायरीने केलं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

थांब्यावरच्या त्या माणसाला मोटारींचं कळायचं. गावाच्या पाण्याचा पंप वारंवार बिघडायचा आणि बाहेरून मिस्त्री येईपर्यंत दोन-दोन दिवस नळ कोरडे राहायचे. पाण्याचं काम बघणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला एकदा बोलावलं, दुसऱ्यांदा बोलावलं. तिसऱ्यांदा पंपघराची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. मला सारखं उठवू नकोस." एवढंच. विश्वास, संधी, समाज असले शब्द त्यांनी उच्चारलेही नाहीत. त्याने ती किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली. पहिले कित्येक दिवस तो रात्री उठून ती जागेवर आहे ना बघायचा.

काही जणांनी कुरकुर केली: "उद्या मोटार विकून खाईल." म्हातारबांनी वाद घातला नाही. गावकऱ्यांची शंका रास्तच आहे असं म्हणून एक वही लावली. पंप कधी चालू झाला, कधी बंद झाला, कोणता भाग बदलला. ती वही पंपघराच्या दारामागे टांगलेली असायची, कुणीही उघडून बघावी. वहीमुळे त्याच्यावरचा पहारा हटला आणि कामावर नजर आली. या दोन्हींत फार फरक आहे.

तुमच्या गावात पंप नसेल, दुसरं काही असेल. जबाबदारी निवडताना चार गोष्टी बघा. काम खरं हवं, न झालं तर कुणाचं तरी अडेल असं. त्याच्या अंगी असलेल्या कसबाचं हवं. सुरुवातीला रोख पैशाशी संबंध नको, कारण रोकड हातात आली की अनेकांची जुनी तलफ जागी होते. आणि कामाची जागा जुन्या अड्ड्यावरून जाणाऱ्या वाटेवर नको. पैशाचा व्यवहार पुढे टप्प्याटप्प्याने सोपवता येतो, तोही त्याला विचारून. काही जण स्वतःच सांगतात, "वर्षभर माझ्याकडे रोकड देऊ नका." ते ऐका, त्यात कमीपणा काही नाही.

मजुरी इतरांएवढीच द्या. "सुधारायला मदत" म्हणून कमी पैशांत राबवून घेणं सर्रास चालतं. ते गाव त्या माणसाच्या अडचणीवर कमावत असतं.

पायरी सातवी: समारंभ

लग्नकार्य, मिरवणुका, निवडणुकीच्या रात्री हे सगळ्यात अवघड दिवस. त्याला वगळलं तर अपमान, बोलावलं तर जोखीम. यजमानांनी आधी दोन दिवस भेटून साधं विचारावं: "यायचं तर कधी आलेलं बरं, आणि बरोबर कोण असलेलं आवडेल?" दारू नसलेल्या वेळेला येऊन लवकर निघून गेला तर अडवू नका. "एका घोटाने काय होतंय" म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन जाणारा एक माणूस आधीच ठरवून ठेवा. आणि "हा आता पीत नाही बरं का" असं चारचौघांत मोठ्याने जाहीर करणंही टाळा.

पायरी आठवी: दवाखाना

आरोग्य केंद्रात बदल करणं तुलनेने सोपं असतं, कारण नियम लिहून देता येतात. व्यसनाच्या रुग्णांसाठी वेगळा वार ठेवला की त्या दिवशी रांगेतला प्रत्येक जण ओळखला जातो. रोजच्या तपासणीतच त्यांना घ्या. नावासोबत आजार मोठ्याने पुकारू नका. नोंदवही उघडी ठेवू नका. नात्यातलीच व्यक्ती कर्मचारी असेल तर रुग्णाला दुसऱ्याकडे जाण्याचा पर्याय विचारा.

औषधांबद्दल एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं जातं. ही दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "एक नशा सोडून दुसरी धरली" हे वाक्य कधी कधी कर्मचाऱ्यांच्याच तोंडून ऐकू येतं, आणि ते ऐकून माणूस औषध बंद करतो. मात्रेनुसार घेतलेलं हे औषध तलफ आणि त्रास आटोक्यात ठेवतं, मृत्यूचा धोका कमी करतं. मधुमेहाच्या गोळीवर आपण शेरा मारत नाही. इथेही मारू नये.

दुसरा धोका घरगुती उपायांचा. "चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप उतरेल." रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरकाप, ताप असा गंभीर वाताचा झटका येऊ शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोंडण्यामागे बऱ्याचदा लाज असते, गावाला कळू नये म्हणून. त्या लाजेची किंमत जिवाने मोजावी लागू शकते हे घराघरांत पोचवा.

पायरी नववी: पुन्हा घेतली तर काय, हे आधीच ठरवा

व्यसनाच्या उपचारांनंतर साधारण ४० ते ६० टक्के लोकांना कधी ना कधी पुन्हा त्रास उलटतो. उच्च रक्तदाब आणि दम्यातही पथ्य-औषध सुटून आजार उलटण्याचं प्रमाण याच्या आसपास, किंबहुना थोडं जास्तच आहे. दमा उलटला म्हणून आपण कुणाला "बघा, मी म्हणालोच होतो" असं म्हणत नाही.

पहिल्या दिवशी गाव कसं वागतं यावर एका दिवसाची घसरण एका दिवसाचीच राहते की वर्षाची होते, ते बरंचसं ठरतं. म्हणून सगळं सुरळीत असतानाच त्याला विचारून ठेवा: "समज तसं झालं तर पहिला फोन कुणाला करू? तुझ्याजवळ कोण आलेलं चालेल? कुणाला अजिबात कळू द्यायचं नाही?" त्या दिवशी उपदेश नको. नशा उतरेपर्यंत सोबत, मग समुपदेशकाला फोन, शक्य तेवढ्या लवकर भेट. काम काढून घेऊ नका. धोक्याचं काम असेल तर काही दिवस थांबवा आणि परतण्याची तारीख सांगा. त्या म्हातारबांच्या पंपघरातही हा प्रसंग आला होता. किल्ली चार दिवस त्यांच्याकडे राहिली, पाचव्या दिवशी ते स्वतः घरी जाऊन देऊन आले.

जिवाशी संबंधित एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असावी. बराच काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. हेरॉइनसारखे पदार्थ पूर्वीच्याच मात्रेने घेतले तर श्वास थांबू शकतो. ओठ निळे पडले, श्वास घरघरता किंवा फार मंद झाला, हाक मारून उठत नसेल, तर "झोपला आहे, उतरेल" म्हणू नका, ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवा. अशा वेळी नॅलोक्सोन हे औषध जीव वाचवतं. ते जवळच्या आरोग्य केंद्रात आहे का, याची चौकशी आजच करून ठेवा.

बायकांबद्दल वेगळं

व्यसनातून बाहेर येणाऱ्या बाईवर दुप्पट शिक्के बसतात: व्यसनी, आणि वर 'कसली आई'. मूल काढून घेतील या भीतीने बायका उपचाराचं नावच काढत नाहीत. सगळा गट पुरुषांचा असेल तर त्यांना तिथे ढकलू नका. आरोग्यसेविकेने तब्येतीची विचारपूस करायला म्हणून घरी जाणं, उपचाराच्या दिवसांत शेजारणीने मूल सांभाळणं, यांचा फार आधार होतो. त्या बाईंचं वाक्य आठवतं ना, तान्हं मूल कुणी हातात देत नाही? त्यांच्या शेजारणीने एक दिवस काही न बोलता आपलं बाळ त्यांच्याकडे दिलं आणि पाणी भरायला गेली.

किती जमलं, ते कसं बघायचं

लोकांना मतं विचारलीत तर सगळे चांगलंच बोलतील. वागणं मोजा. दर सहा महिन्यांनी बघा: किती जणांना काम मिळालं, किती जण उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला गेले, गावच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोण बोललं, मुलांना शाळेत चिडवल्याच्या किती तक्रारी आल्या. आणि पहिल्या पायरीवर भेटलेल्या माणसांकडे परत जाऊन तोच प्रश्न विचारा.

एक दिवस कार्यक्रमांना बोलवायच्या तुमच्या यादीतला माणूस म्हणेल, आता मला यातून मोकळं करा. पंपवाल्याने तिसऱ्या वर्षी तेच सांगितलं. व्यसनमुक्तीच्या दिवशी त्याला पुन्हा बोलवायला गेलो होतो. पंपघराच्या दारात बसून तो पाना पुसत होता. "दादा, या वेळी दुसऱ्या कुणाला न्या," तो म्हणाला. "लोक आता पाणी कधी येणार ते विचारायला येतात. दारूचं कुणी विचारत नाही." मी त्याचं नाव यादीतून काढलं. तुमच्याकडे अशी यादी असेल तर तीही दरवर्षी काढून बघा, आणि ज्याला तिच्यातून बाहेर पडायचं आहे त्याला कारण न विचारता पडू द्या.